परदेशात उपचार घ्यायचे आहेत? तयारी परतीपासून सुरू करा

उपचारासाठी परदेशी निघणाऱ्या कुटुंबाचं सगळं लक्ष दोन प्रश्नांवर असतं: हॉस्पिटल कुठलं आणि खर्च किती. दोन्ही महत्त्वाचेच आहेत. पण खरा गोंधळ होतो तो दोन देशांतल्या डॉक्टरांच्या मधल्या जागेत. इथे आधी काय झालं ते तिथल्या डॉक्टरांपर्यंत नीट पोहोचत नाही. तिथे काय केलं ते परतल्यावर इथे कुणाला कळत नाही. ऑपरेशन उत्तम होतं, आणि तीन आठवड्यांनी जखम लाल झाली की दाखवायचं कुणाला, हेच ठरलेलं नसतं.

हा लेख आधी ठरवून घेतलेल्या उपचारांसाठी आहे: ऑपरेशन, कॅन्सरचे उपचार, प्रत्यारोपण, सांधा बदलणं, वंध्यत्वावरचे उपचार, दातांची मोठी कामं. प्रवासात अचानक आजारी पडणं हा वेगळा विषय आहे.

१. परतल्यावर कोण बघणार, ते आधी ठरवा

हॉस्पिटल शोधण्याच्याही आधी इथल्या एका डॉक्टरांना थेट विचारा: "मी बाहेरून ऑपरेशन करून आलो तर पुढचं तुम्ही बघाल का?" काही जण स्पष्ट नाही म्हणतात. दुसऱ्याने केलेल्या ऑपरेशनची गुंतागुंत अंगावर घ्यायची त्यांची तयारी नसते, आणि त्यात त्यांची चूक नाही. नकार निघण्यापूर्वी मिळाला तर दुसरा डॉक्टर शोधायला वेळ हातात असतो. पोटात नळी ठेवून परतल्यावर मिळाला तर नसतो.

होकार मिळाला की तीन गोष्टी विचारून घ्या. परतल्यावर किती दिवसांत दाखवायचं? कुठल्या तपासण्या, किती दिवसांच्या अंतराने लागतील? आणि तिथे सुरू होणारं औषध इथे मिळतं का? प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या औषधाची रक्तातली पातळी पुन्हा पुन्हा तपासावी लागते. ही तपासणी जवळपास कुठे होते आणि निकाल किती दिवसांत मिळतो, हे माहीत नसताना प्रत्यारोपणाला जाऊ नका. केमोथेरपीचंही तसंच. पहिलं सायकल, म्हणजे औषधाची पहिली फेरी, तिथे आणि बाकीची इथे असा बेत असेल, तर दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकच आराखडा लेखी मान्य केलेला हवा.

२. कायदा आणि हक्क तपासा

अवयव प्रत्यारोपण, सरोगसी आणि दात्याचं बीजांड वा शुक्राणू वापरून होणारे उपचार, या तिन्हींचे नियम देशागणिक पूर्ण वेगळे आहेत. सरोगसीत बाळाचं नागरिकत्व आणि जन्मदाखल्यावर आईवडील म्हणून कुणाची नावं लागणार, हे दोन्ही देशांच्या कायद्यांत बसलं पाहिजे. ते बसलं नाही तर बाळाला घेऊन परतणंच अडतं. यासाठी दोन्ही देशांचा कायदा जाणणारा वकील लागतो. क्लिनिकने "काही अडचण येत नाही" म्हणणं पुरेसं नाही.

प्रत्यारोपणाबाबत सीमारेषा स्पष्ट आहे. नातेवाईक दात्याला घेऊन, कायद्याच्या चौकटीत दुसऱ्या देशात प्रत्यारोपण करून घेणं वेगळं, आणि तिथे पैसे देऊन अवयव मिळवणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला २००८च्या इस्तंबूल जाहीरनाम्याने प्रत्यारोपण-पर्यटन म्हटलं आहे आणि बहुतेक देशांत तो गुन्हा आहे. कुणी एजंट "दात्याची सोय आम्ही करतो" म्हणाला तर बोलणं तिथेच थांबवा. वैध मार्गाने जाताना नात्याचे पुरावे लागतात: जन्मदाखले, विवाहाचा दाखला, त्यांची प्रमाणित भाषांतरं आणि अनेकदा अपोस्टिल. अपोस्टिल म्हणजे १९६१च्या हेग करारानुसार कागदावर मिळणारं सरकारी प्रमाणन. करारात नसलेल्या देशासाठी दूतावासाकडून वेगळं साक्षांकन करून घ्यावं लागतं आणि त्याला जास्त वेळ जातो.

युरोपीय संघात राहत असाल तर खर्च परत मिळण्याचे दोन मार्ग आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. २०११/२४ या क्रमांकाच्या युरोपीय निर्देशाखाली (संघाच्या कायद्याखाली) आधी तुम्ही पैसे भरता. मग तोच उपचार मायदेशी घेतला असता तर जेवढे मिळाले असते, तेवढ्या मर्यादेत ते परत मिळतात. यात खासगी हॉस्पिटलही चालतं. एस-२ फॉर्मच्या मार्गाला मात्र आधी मंजुरी लागते आणि तो सार्वजनिक व्यवस्थेतल्या उपचारापुरताच असतो. निर्देशाच्या मार्गानेही, रात्रभर भरती व्हावं लागणार असेल तर अनेक देश आधी परवानगी मागतात. उपचार होऊन गेल्यावर अर्ज केला तर नकार येऊ शकतो.

३. हॉस्पिटल आणि डॉक्टर वेगवेगळे तपासा

जेसीआय (जॉइंट कमिशन इंटरनॅशनल) या हॉस्पिटलं तपासणाऱ्या संस्थेसारखं मानांकन हॉस्पिटलच्या कार्यपद्धतीला मिळतं. तुमचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या कौशल्याचं ते प्रमाणपत्र नाही. जेसीआयचं मानांकन तीन वर्षांसाठी असतं, त्यामुळे ते आज चालू आहे का, हे हॉस्पिटलच्या पानावरच्या शिक्क्यावरून न ठरवता जेसीआयच्या यादीत बघा. सर्जनची नोंदणी त्या देशाच्या वैद्यकीय परिषदेकडे तपासा.

मग हॉस्पिटलला लेखी विचारा:

- ऑपरेशन नेमकं कोण करणार? सल्ला देणारे डॉक्टर आणि हात लावणारे डॉक्टर एकच आहेत का?
- हे ऑपरेशन ते वर्षाला साधारण किती करतात, आणि गुंतागुंतीचं प्रमाण काय?
- रात्री प्रकृती बिघडली तर त्याच इमारतीत आयसीयू आहे की दुसरीकडे हलवावं लागतं?
- परतल्यावर शंका आली तर उत्तर कोण देणार, कुठल्या पत्त्यावर, किती दिवसांत?

शेवटच्या प्रश्नाला टोलवाटोलवी झाली तर मी ते हॉस्पिटल यादीतून काढायला सांगेन, बाकी सगळं कितीही चांगलं असलं तरी.

मध्यस्थ एजंटांना बऱ्याचदा हॉस्पिटलकडून कमिशन मिळतं. ते घेणं नेहमीच गैर नाही, पण ते कुणाकडून मिळतं हे तुम्हाला माहीत हवं. ते लेखी विचारा, आणि एजंट मध्ये असला तरी डॉक्टरांशी निदान एकदा व्हिडिओवर थेट बोला.

४. फाइल: इथे वेळ घालवा

तिथल्या डॉक्टरांचा पहिला निर्णय तुमच्या फाइलवरून होतो. फाइल अर्धवट असेल तर तिथे गेल्यावर "हे ऑपरेशन करता येणार नाही" असं ऐकावं लागण्याची शक्यता वाढते. लागणारी कागदपत्रं:

- आजाराचा एक-दोन पानी सारांश, तारखांच्या क्रमाने, इथल्या डॉक्टरांच्या सहीचा
- आधीच्या प्रत्येक ऑपरेशनची ऑपरेशन नोट आणि डिस्चार्ज समरी
- स्कॅनच्या मूळ फाइली आणि त्यांचे रिपोर्ट
- बायॉप्सीचा रिपोर्ट, स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक
- चालू औषधांची यादी: घटकाचं नाव, मात्रा, वेळा
- ॲलर्जी, पूर्वी भूल दिल्यावर झालेला त्रास, रक्तगट
- शरीरात बसवलेल्या उपकरणांची कार्डं: पेसमेकर, स्टेंट, कृत्रिम झडप

स्कॅन देताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवणं. एमआरआय किंवा सीटी स्कॅनमध्ये शेकडो प्रतिमा असतात, आणि डॉक्टरांना त्या पुढे-मागे सरकवून, उजेड कमी-जास्त करून, गाठ मोजून बघायच्या असतात. फोटोवर यातलं काहीच होत नाही. स्कॅन सेंटरकडून डायकॉम स्वरूपातल्या, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल स्वरूपातल्या, सगळ्या फाइली सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागा, आणि घरी आणल्यावर त्या उघडतात का ते बघा. रिकामी किंवा दुसऱ्याच रुग्णाची सीडी हातात पडू शकते. एक प्रत हातातल्या बॅगेत, दुसरी ऑनलाइन.

पॅराफिन ब्लॉक म्हणजे मेणात जपलेला ऊतीचा तुकडा. कॅन्सरमध्ये तिथली लॅब निदान पुन्हा पडताळते, तेव्हा तो लागतो. सगळे ब्लॉक एकदम नेऊ नका. लॅबला विचारून गाठीचा पुरेसा भाग असलेला एक ब्लॉक आणि काही न रंगवलेल्या स्लाइड घ्या, बाकीचे लॅबमध्येच राहू द्या. मेण साधारण ५५ ते ६० अंश सेल्सियसला वितळतं, म्हणून उन्हात उभ्या गाडीत डबी ठेवू नका. सोबत लॅबचं पत्र ठेवा: हा फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या रसायनात) प्रक्रिया केलेला, संसर्गाचा धोका नसलेला नमुना आहे. कस्टमवर विचारलं तर हे पत्र कामी येतं.

आता एककं. रक्तातली साखर काही देशांत मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये सांगतात, काही देशांत मिलिमोल प्रति लीटरमध्ये. १८० आणि १० ही एकच साखर आहे, कारण मध्ये १८चा भागाकार आहे. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर म्हणजे सुमारे १०६ मायक्रोमोल प्रति लीटर. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीएवनसी ७ टक्के म्हणजे ५३ मिलिमोल प्रति मोल. म्हणून यादी करताना आकड्यासोबत एकक लिहाच. तारखेचंही तेच: ०३/०४ म्हणजे कुणाला ३ एप्रिल, कुणाला ४ मार्च. महिना अक्षरांत लिहा. आणि प्रत्येक रिपोर्टवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळवून घ्या. मधलं नाव गाळलेलं असेल किंवा लग्नापूर्वीचं आडनाव असेल तर निघण्यापूर्वी दुरुस्ती करा.

५. इस्टिमेट आणि पैसे

"पॅकेज" हा शब्द ऐकला की त्यात काय नाही, ते आधी विचारा. साधारणपणे बाहेर राहणाऱ्या गोष्टी: ठरलेल्यापेक्षा जास्त दिवसांचा मुक्काम, आयसीयूचे दिवस, रक्त आणि रक्तघटक, दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला, घरी न्यायची औषधं आणि गुंतागुंत झाली तर पुन्हा करावं लागणारं ऑपरेशन. इम्प्लांट बसणार असेल तर कंपनी आणि मॉडेल इस्टिमेटमध्येच लिहून घ्या. तिथे गेल्यावर काही रक्ततपासण्या पुन्हा होतील, आणि त्या करायलाच हव्यात. तो खर्च धरून चाला.

डिपॉझिट भरताना एक धोका आहे. हॉस्पिटलच्या नावाने "आमचं बँक खातं बदललं आहे" असा मेल येतो आणि पैसे भलत्याच खात्यात जातात. खातं बदलल्याचा निरोप आला तर त्या मेलला उत्तर देऊ नका. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. उपचार झालेच नाहीत तर डिपॉझिट किती आणि किती दिवसांत परत मिळेल, हेही लेखी हवं.

६. व्हिसा, विमा, सोबतचा माणूस

बऱ्याच देशांत वैद्यकीय व्हिसा वेगळा असतो आणि त्यासाठी हॉस्पिटलचं निमंत्रणपत्र लागतं. पर्यटक व्हिसावर ऑपरेशन करून घ्यायला कुणी सुचवलं तर ऐकू नका. मुक्काम लांबला की मुदतवाढ अडते. व्हिसा डिस्चार्जच्या अपेक्षित तारखेपुरता न घेता, गुंतागुंत झाली तर लागेल एवढ्या मुदतीचा मागा. विमानाचं परतीचं तिकीट तारीख बदलता येणारं हवं.

साध्या प्रवास विम्यात ठरवून घेतलेला उपचार आणि त्यातून उद्भवलेला त्रास सहसा वगळलेला असतो. वैद्यकीय गुंतागुंतीचा वेगळा विमा मिळतो का ते बघा. रुग्णाला विशेष विमानाने परत आणण्याचा आणि मृत्यू झाल्यास पार्थिव आणण्याचा खर्च त्यात आहे का, हेही विचारा. हा प्रश्न जड जातो, तरी निघण्यापूर्वीच विचारा. रुग्ण बेशुद्ध असताना निर्णय कुणी घ्यायचा, याचा कागदही सोबत असू द्या.

७. औषधं नेताना

औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. इन्सुलिन विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकू नका, ते गोठू शकतं.

इन्सुलिनबद्दल आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं आहे. काही देशांत ४० युनिट प्रति मिलिलीटरच्या कुप्या मिळतात, अनेक देशांत फक्त १०० युनिटच्या. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या आहेत. १०० युनिटचं इन्सुलिन ४०च्या सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत भरलं तर २० नाही, ५० युनिट शरीरात जातात. साखर धोकादायकरीत्या खाली येते. कुपी आणि सिरिंज एकाच मापाच्या आहेत ना, हे प्रत्येक वेळी बघा.

ब्रँडच्या नावावर विसंबू नका. फ्लोमॅक्स या नावाने अमेरिकेत प्रोस्टेटसाठीचं टॅम्सुलोसिन मिळतं, इटलीत त्याच नावाचं औषध सूज कमी करणारं आहे. घटकाचं नाव लिहा. तिथेही फरक असतात, पॅरासिटामॉलला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात.

झोपेच्या, तीव्र वेदनेच्या आणि काही मानसिक आजारांच्या औषधांवर निर्बंध असतात. सर्वसाधारणपणे ३० दिवसांपुरता साठा आणि डॉक्टरांचं पत्र चालतं, पण सगळीकडे नाही. जपानमध्ये अ‍ॅम्फेटामिन असलेली औषधं चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. त्या देशाच्या दूतावासाकडून खात्री करा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर थांबा आणि हे नीट वाचा. तिथून "ऑपरेशनच्या पाच दिवस आधी बंद करा" असा मेल येतो. लिहिणाऱ्याला तुमचा स्टेंट नवा आहे हे माहीत असेलच असं नाही, आणि नव्या स्टेंटमध्ये रक्ताची गाठ झाली तर जिवावर बेतू शकतं. तो मेल इथल्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.

८. तिथे: दुभाष्या आणि संमती

वैद्यकीय दुभाष्या मागा. मुलगा किंवा सून चांगली भाषा बोलत असली तरी वाईट बातमी सांगताना नातेवाईक शब्द मऊ करतात आणि रुग्णाच्या शंका आपणच उत्तर देऊन संपवतात. संमतीपत्र तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत आदल्या दिवशी मागा. ऑपरेशनच्या दाराशी सही करण्याची वेळ येऊ देऊ नका. डॉक्टरांनी समजावलं की तुमच्या शब्दांत परत सांगा: "म्हणजे तुम्ही उजव्या बाजूने जाणार, आणि गाठ पसरलेली दिसली तर पोट उघडणार, बरोबर?" गैरसमज असेल तर इथेच उघडा पडतो.

९. डिस्चार्जच्या दिवशी काय हातात हवं

डिस्चार्ज समरी इथल्या डॉक्टरांना कळेल अशा भाषेत, सही-शिक्क्यासह. पण ती एकटी पुरत नाही. ऑपरेशन नोट वेगळी मागा, कारण इथल्या सर्जनला काय कापलं, काय जोडलं, कुठली जाळी किंवा स्क्रू वापरला, हे तिच्यातच सापडतं. इम्प्लांटच्या खोक्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबरचे स्टिकर असतात; त्यातला एक तुमच्या कागदावर चिकटवून घ्या. वर्षांनंतर एमआरआय करायची वेळ आली की पहिला प्रश्न यावरच येतो. ऑपरेशननंतरचे स्कॅनही डायकॉममध्ये घ्या.

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट बऱ्याचदा डिस्चार्जनंतर येतो. तो कोण पाठवणार, त्या माणसाचं नाव आणि मेल लिहून घ्या, आणि दहा दिवसांत आला नाही तर स्वतः मागे लागा. पुढचे उपचार त्याच कागदावर ठरणार असतात.

१०. विमानात बसण्याआधी

विमानातला हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या दाबाइतका असतो. त्या दाबाला शरीरात अडकलेली हवा फुगते आणि रक्तातला ऑक्सिजन कमी होतो. म्हणून थांबायचे दिवस ऑपरेशननुसार बदलतात. दुर्बिणीतून केलेल्या साध्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवस, पोटाच्या साध्या ऑपरेशननंतर चार-पाच दिवस, छातीच्या किंवा पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर निदान १० दिवस, हा ढोबळ अंदाज आहे. अंतिम शब्द सर्जनचा. डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनमध्ये आत वायू भरला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमान नाही, आणि त्याला वायूनुसार दोन ते सहा आठवडे लागतात. ही अट मोडली तर डोळ्यातला दाब वाढून दृष्टी जाऊ शकते.

ऑक्सिजन, स्ट्रेचर किंवा जास्तीची जागा लागणार असेल तर विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून भरून काही दिवस आधी द्यावा लागतो. चार तासांवरच्या प्रवासात पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो आणि ऑपरेशननंतर तो वाढतो. दाबाचे मोजे किंवा इंजेक्शन लागेल का, ते डिस्चार्जच्या वेळी विचारा.

११. परतल्यावर

ठरलेल्या दिवशी इथल्या डॉक्टरांना दाखवा, बरं वाटत असलं तरी. पुढे कुठल्याही हॉस्पिटलमध्ये भरती व्हायची वेळ आली तर परदेशात भरती होतात हे सुरुवातीलाच सांगा. औषधांना न जुमानणारे जंतू त्वचेवर किंवा आतड्यात काही त्रास न देता राहू शकतात. नेदरलँड्ससारख्या देशात परदेशी हॉस्पिटलमधून आलेल्या रुग्णाची तपासणी करून निकाल येईपर्यंत त्याला वेगळं ठेवतात. वेगळ्या खोलीत ठेवलं तर अपमान मानू नका. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची ती काळजी आहे.

पायाला एका बाजूने सूज, अचानक दम लागणं, छातीत दुखणं: यांपैकी काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तातडीच्या विभागात जा.

काही संसर्ग आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डोकं वर काढतात. जखमेजवळ गाठी येणं, पू थांबून पुन्हा येणं, ठरावीक अँटिबायोटिक्सने फरक न पडणं, हे मायकोबॅक्टेरियामुळे (क्षयाच्या जंतूच्या कुळातल्या जंतूमुळे) असू शकतं. परदेशातल्या सौंदर्य-शस्त्रक्रियांनंतर असे उद्रेक झाले आहेत. हा जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) सहज सापडत नाही, त्याची तपासणी वेगळी मागवावी लागते. २०२३ मध्ये मेक्सिकोतल्या मातामोरोस इथे पाठीतून भूल देऊन ऑपरेशन झालेल्या रुग्णांना बुरशीमुळे मेंदूज्वर झाला आणि त्यात मृत्यूही झाले. सुरुवात बऱ्याच जणांत साध्या डोकेदुखीने झाली होती. म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना तीन गोष्टी सांगा: ऑपरेशन कुठल्या देशात झालं, कुठल्या तारखेला, आणि भूल कशी दिली होती.